पुढारीपण शिकविता येते काय?

शेतमालाचा आणि सौर विजेचा व्यवसाय करणाऱ्या ग्रामीण संस्था जसजशा वाढू लागल्या, तसतसे त्यांच्या व्यवस्थापकांना नेतृत्वाचे शिक्षण देणारे वर्गही निघू लागले आहेत. हिशेब, बाजारपेठ आणि यंत्रे ही शिकविता येतात, याविषयी वाद नाही. राजस्थानातील तिलोनिया येथील संस्थेने तर निरक्षर आणि परस्परांची भाषाही न जाणणाऱ्या देशोदेशींच्या स्त्रियांना रंगांच्या व खुणांच्या साहाय्याने सौर दिव्यांची जुळणी शिकविली. तेव्हा कौशल्य ही काही दुर्लभ वस्तू नव्हे. परंतु पुढारीपण ही विद्या आहे की शील? विद्या असेल तर ती शिकविता येईल. शील असेल तर वर्ग भरवून काय साधणार?

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. खाजगी पेढीत मालक व्यवस्थापक नेमतो आणि हाताखालचे लोक त्याचे ऐकतात. सहकारी संस्थेत मात्र व्यवस्थापकाने ज्यांचे पुढारीपण करावयाचे, तेच त्याचे धनी असतात. ताळेबंद वाचता येतो तो नोकर, आणि वाचता येत नाही तो मालक, अशी ही विलक्षण स्थिती आहे. सारा नैतिक प्रश्न या विषमतेतून उद्भवतो.

उदाहरणार्थ, गुजरातेतील खेडा जिल्ह्यातले धुंडी हे गाव घ्या. तेथे 2016 साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी चालू केली. सिंचन करून उरलेली वीज त्यांनी वितरण कंपनीस विकावी, असा पंचवीस वर्षांचा करार झाला. आणि तितकीच वर्षे सवलतीच्या दराची वीजजोडणी मागण्याचा हक्क त्यांनी सोडून दिला. उरलेल्या विजेस गिऱ्हाईक असले म्हणजे पंप उगाच चालविण्याचा मोह कमी होतो आणि भूगर्भातील पाणी वाचते, ही त्यामागील दृष्टी. योजना चांगलीच, पण जो करार बापाने करावा आणि मुलाने पाळावा, त्यात काय मिळते याबरोबर काय सुटते, हेही स्पष्ट झाले पाहिजे. असला करार समजावून देणाऱ्याच्या जागी आपण क्षणभर उभे राहू. मिळकतीचे कलम मोठ्याने वाचावे आणि त्यागाचे कलम हळूच उरकावे, एवढेच केले तरी सह्या लवकर होतात. खोटे तर काहीच बोलावे लागत नाही!

यावर कोणी म्हणेल, वैद्य प्रत्येक औषधाविषयी रोग्याचे मत घेत बसत नाही; भाव चांगला मिळाला की शेतकरी तृप्त. हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो. परंतु रोगी बरा होऊन घरी जातो. सभासद जन्मभर मालक राहावयाचा असतो. न समजता केलेली प्रत्येक सही त्याचे मालकपण थोडे थोडे पातळ करते. आजचा व्यवस्थापक सज्जन असेल. उद्या त्याच्या खुर्चीवर दुसरा आला म्हणजे त्याची पारख करण्याचे साधन सभासदापाशी उरत नाही. म्हणून सज्जन परंतु अपरिहार्य होऊन बसलेला पुढारी हाही संस्थेस एक धोकाच होय.

मग शिक्षण व्यर्थ काय? तसे आम्हांस वाटत नाही. ॲरिस्टॉटलने सद्गुण हे सवयीने अंगी बाणतात असे म्हटले आहे. धुंडीच्याच जिल्ह्यात 1946 साली त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने दूधउत्पादकांचा संघ निघाला. 1949 साली आणंदास आलेले डॉ. कुरियन त्याचा कारभार पाहू लागले, आणि आपण शेतकऱ्यांचे नोकर आहोत, असे ते अभिमानाने सांगत. शेतकऱ्यांचा निवडलेला अध्यक्ष वर, आणि परदेशी शिकून आलेला एंजिनियर त्याच्या आज्ञेत, ही व्यवस्थाच एक शाळा होती. पुढे 1979 साली आणंदास निघालेल्या ग्रामीण व्यवस्थापनाच्या विद्यालयाने खेड्यात जाऊन राहणे हा अभ्यासक्रमाचाच भाग केला, यातील मर्म हेच. व्याख्यानाने शील येत नाही. परंतु ज्यांची सेवा करावयाची त्यांच्या नजरेखाली राहिल्याने, त्यांचे आडवे प्रश्न ऐकल्याने आणि त्यांना कळेल अशा भाषेत जबाब देण्याच्या अभ्यासाने ते येऊ शकते.

तेव्हा अशा वर्गांतून बाहेर पडलेल्या व्यवस्थापकाची परीक्षा केवळ नफ्यावरून करू नये. पाच वर्षांनी त्याचे सभासद त्याला पूर्वीपेक्षा अवघड प्रश्न विचारू लागले काय, हे पाहावे. विचारू लागले असतील, तर तो पुढारी झाला. नसतील, तर तो कितीही कर्तबगार असो, धन्याच्या घरात धनी होऊन बसलेला नोकरच म्हणावयाचा.