तो सहाचा आकडा

किकवीत संध्याकाळी महामार्गाची गाज थांबत नाही. ती चालू राहू द्या. पाठ सरळ ठेवून बसा. समोर लिनक्सचा लॅपटॉप असेल, तर त्याला अजून हात लावू नका.

एखादा छोटा प्रोग्राम मनात आणा. त्याच्या फाइलचे पहिले चार बाइट पाहा: ७एफ आणि त्यामागे ई, एल, एफ ही अक्षरं. एवढ्यावरून कर्नल तिला ओळखतो. लिनक्सवर याआधी ए.आउट हा साचा होता. त्यात प्रत्येक शेअर्ड लायब्ररीचा मेमरीतला पत्ता आधीच ठरवून द्यावा लागे. १९९५च्या सुमारास हा ईएलएफ साचा रुळला आणि लायब्ररी मेमरीत कुठेही उतरू लागली. ए.आउट मनातून जाऊ द्या. २०२२ मध्ये कर्नलनेही त्याचा आधार काढून टाकला.

आता या फाइलमध्ये काय नाही, तिकडे लक्ष न्या. पडद्यावर अक्षरं उमटवणं, मेमरी मागणं, तारीख काढणं, यातलं काहीच तिने सोबत आणलेलं नाही. गावजेवणाला देवळातली सामाईक पातेली आणतात, तसं ती हे सगळं लिबसी या सामाईक लायब्ररीकडून घेते. तिच्यात फक्त नाव लिहिलेलं आहे: लिबसी.एसओ.६.

त्या सहावर थांबा. घाई नको.

लिनक्सवरच्या या लिबसीचं पूर्ण नाव जीलिबसी; तिची २.० आवृत्ती आली १९९७ मध्ये. तेव्हापासून आतलं किती बदललं, पण हा आकडा सहाच राहिला. जुने प्रोग्राम मोडतील असा बदल केला, तर आकडा वाढवायचा, ही रीत. ती वेळच येऊ नये म्हणून एकेका फंक्शनला आवृत्तीची खूण जोडली. ६४ बिट इंटेल यंत्रांवर मेमसीपीवाय या फंक्शनचं २.१४ हे नवं रूप आहे आणि २.२.५ हे जुनं रूपही त्याच फाइलमध्ये आहे. जुना प्रोग्राम जुनं मागतो, त्याला जुनंच मिळतं. श्वास सोडताना हे सावकाश मनात घोळू द्या.

२०२१ मध्ये २.३४ आवृत्तीत थ्रेडची लायब्ररी लिबसीतच सामावली. तरी लिबपीथ्रेड.एसओ.० ही फाइल जवळजवळ रिकामी करून ठेवली, कारण जुने प्रोग्राम तिला नावाने हाक मारतात. ते कोणी लिहिले, आज कुठे चालतात, हे ठेवणाऱ्यांना माहीत नसतं. संगणकाच्या जगात याहून मायेचं काम मला दिसत नाही. पुण्यात बरीच वर्षं काम केलेले सिद्धेश पोयरेकर या जपणाऱ्यांपैकी एक. २०१७ मधल्या २.२५ आणि २.२६ या आवृत्त्या त्यांच्या देखरेखीखाली बाहेर आल्या.

आता लॅपटॉप उघडा. कुठल्याही प्रोग्रामवर रीडएल्फ ही आज्ञा चालवून त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं एकेक करून वाचा. आणि कधी स्वतः लायब्ररी लिहिलीत, तर जुनं रूप शक्य तितकं सांभाळा; नाहीच जमलं, तर निदान आकडा बदलायला विसरू नका.