आधी शेजारशेजार

भाईंदर पश्चिमेला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं केंद्र आहे. त्याचे आकडे घरबसल्या मोबाइलवर दिसतात. स्वस्त सेन्सरही आता कुणालाही विकत घेता येतात. गच्चीगच्चीवर ते बसले की शहराच्या हवेचं खरं चित्र दिसेल, असं अनेकांना वाटतं. माझ्या मते नुसत्या संख्येने ते दिसणार नाही.

स्वस्त सेन्सर हवेतल्या कणांवर लेझरचा झोत टाकतो आणि किती प्रकाश विखुरला त्यावरून धुळीचा अंदाज बांधतो. इथे भाईंदरला उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि अधेमधे मिठागरं. दमट हवेत मिठाचे कण पाणी शोषून फुगतात, जास्त प्रकाश विखुरतात आणि सेन्सरला धूळ वाढल्यासारखी वाटते. सरकारी केंद्रांवरच्या बीटा किरणांच्या यंत्रात हवा आधी तापवून कोरडी करतात. मग धूळ फिल्टरच्या पट्टीवर साठते आणि तिने किती किरण अडवले यावरून तिचं वजन निघतं. म्हणजे पावसाळी सकाळी एकाच हवेचे दोन आकडे येतील आणि नकाशावर ते दोन वेगळ्या वस्त्या म्हणून दिसतील.

गोंधळ इथेच थांबत नाही. पीएम 2.5 या अतिसूक्ष्म धुळीची आपली मर्यादा घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅम आहे, तीही 24 तासांच्या सरासरीची. भारतीय निर्देशांकात हेच 60 म्हणजे 100, तर अमेरिकी निर्देशांकात दीडशेच्या वर. हवा तीच, पण एक ॲप समाधानकारक म्हणतं आणि दुसरं आरोग्याला अपायकारक.

केंद्रं जास्त हवीत, यात शंकाच नाही. एकाच शहरातही फरक मोठा असू शकतो: 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. पण हा फरक खरा मानता आला, कारण दोन्हीकडे हवामान खात्याचीच पद्धत होती.

नवी मोजणी आधी जुनीशी ताडून पाहायची शिस्त आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. 1904 मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, तरी कुलाब्याची यंत्रं लगेच बंद केली नाहीत. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली, फरक नेमका कळला आणि 1840 च्या दशकापासूनची मालिका तुटली नाही. एवढा धीर आजच्या 'रिअल टाइम'च्या घाईत फारसं कुणी दाखवत नाही, आणि खरी गरज त्याचीच आहे.

सेन्सर जरूर घ्या. पण गच्चीवर चढवण्याआधी एक पावसाळा आणि एक हिवाळा तो मंडळाच्या केंद्राशेजारी ठेवायची परवानगी मागा, महापालिकेलाही त्यासाठी आग्रह धरा. आणि आकडा जाहीर कराल तेव्हा एकक, जमिनीपासूनची उंची आणि सरासरी किती तासांची, हे सोबत लिहा.