किलोमीटरमागे २४ मीटर

कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, तेवढ्यात प्रवासी वडापाव घेऊन येतात. पुढे बोरघाट. चढ ३७ला १, म्हणजे किलोमीटरमागे २७ मीटर. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचे एक इंजिन उड्डाणातच बंद पडले, तर चाके पोटात घेतल्यावर त्याने निदान २.४ टक्के चढलेच पाहिजे, असा नियम आहे. किलोमीटरमागे २४ मीटर. चढ घाटापेक्षा थोडा कमीच, पण इथे मागून रेटायला कुणी नाही.

निम्मी ताकद गेली म्हणून चढण निम्म्यावर येत नाही. ती त्याहून कितीतरी घटते. हवेचा अवरोध भागवून जी ताकद शिल्लक उरते, तिच्यावरच विमान चढते. पगार निम्मा झाला आणि घरखर्च तोच राहिला, तर बचतीचे काय होईल? इथे तर खर्चही वाढतो: बंद इंजिन हवेला अडवते, आणि नाक त्या बाजूला वळू नये म्हणून वैमानिकाला रडर पायाने दाबून धरावा लागतो.

म्हणून हिशेब जमिनीवरच होतो. धावपट्टीवर ‘व्ही-वन’, म्हणजे निर्णयाचा वेग, पुकारला की कॅप्टन थ्रॉटलवरचा हात काढतो. आता थांबायचे नाही.

वाटेत डोंगर असला तर हिशेब आणखी कडक. विमानाला जेवढे चढता येते त्यातून ०.८ टक्के वजा करायचे, आणि उरलेल्या चढणीनेही अडथळा किमान ३५ फुटांनी ओलांडता आला पाहिजे. मला या नियमांत ही वजाबाकीच सर्वांत मोलाची वाटते. विमान जुने असेल, हात कापेल, हे तिने आधीच धरलेले आहे. लेहचा विमानतळ तीन हजार मीटरहून उंच. तिथे हवा विरळ, ऊन चढले की आणखी विरळ. मग वजन खाली ठेवावे लागते. जुलै २०२४मध्ये तर उष्म्यामुळे तिथली काही उड्डाणेच रद्द झाली.

पण हिशेब चोख असला तरी माणूस चुकतो. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचे एटीआर ७२ उडाले. मिनिटभरातच उजवा प्रोपेलर ओढेनासा झाला. डावे इंजिन धडधाकट होते. कॅप्टनने त्याचाच थ्रॉटल मागे ओढला, पुढे ते बंदही केले. चूक उमगली तेव्हा उंची उरली नव्हती. पुलावरच्या टॅक्सीला पंख घासून विमान कीलुंग नदीत कोसळले. ५८पैकी ४३ जण गेले.

सिम्युलेटरमध्ये वैमानिकांकडून हेच पुन:पुन्हा घोटून घेतात: एकाने थ्रॉटलवर हात ठेवायचा, दुसऱ्याने तो बंद इंजिनाचाच आहे हे पाहून होकार द्यायचा, मगच तो मागे ओढायचा.