नाशिवंताची हमी

परतवाड्याहून आलेल्या तरुण कारागिराने दूरचित्रवाणी संचाची पाठ उघडली, तोंडाने फुंकर मारून अडीच वर्षांची धूळ उडविली आणि आतल्या हिरव्या पाटीवर, दोन तांबूस टोकांच्या मधोमध, पापडासारखी वाळून चिकटलेली बोटभर पाल मला बॅटरीच्या उजेडात दाखविली. "पा, गुर्जी," तो म्हणाला, "पाल शिरली अंदर. दोनई टोकं जुळले अन् बोर्ड गेला. याले वारंटीत नाई धरत कंपनी." एवढे बोलून त्याने त्या कलेवराची मोबाइलवर तीन बाजूंनी छायाचित्रे घेतली, माझी सही घेतली, चहा घेतला आणि तो उन्हात निघून गेला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. पंचनाम्यावर अंगठे घेणाऱ्या जुन्या पाटलाच्या ठायी असे ती अलिप्तता तेवढी होती. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर दोन ओळींचा मजकूर आला: दावा नामंजूर, कारण, बाह्य घटक.

हा ४३ इंची संच मी दिवाळीत ३१,००० रुपयांना घेतला होता. उत्पादकाची हमी एक वर्षाची होती. ती आणखी दोन वर्षे लांबविण्यासाठी २,४०० रुपये निराळे भरले. दुकानदाराने पावती फाडताना म्हटलेले वाक्य मला अजून आठवते. "वरून चोविसशे द्या, गुर्जी, अन् तीन सालं बिनघोर झोपा." बिनघोर हा शब्द मोठा मोहक आहे. आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या मनुष्याने शब्दाला भुलावे हे विचित्र खरे. परंतु त्या दिवशी मी जे विकत घेतले ते यंत्र नव्हते, यंत्राची दुरुस्तीही नव्हती, तर हा एक शब्द होता, आणि त्याची किंमत मी यंत्रापासून वेगळी मोजली होती, हे पुढे सांगावयाच्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आपल्याकडील देवमूर्तींच्या हातांकडे पाहावे. एक हात वरद असतो, एक अभय. एक देतो आणि दुसरा दिलेले राखतो. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात योगक्षेमाचा जो सुप्रसिद्ध उल्लेख आहे, त्याचा अर्थ सांगताना शंकराचार्यांनी हाच भेद केला आहे: अप्राप्त वस्तूची प्राप्ती म्हणजे योग व प्राप्त वस्तूचे रक्षण म्हणजे क्षेम. १९५६ साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले; त्याच्या बोधचिन्हाखाली गीतेतील तेच आश्वासन आहे. सरकारी कचेरीने परमेश्वराचे वचन आपल्या शिरावर घ्यावे यात कोणाला औद्धत्य दिसेल, मला विनय दिसतो. क्षेमाची चिंता हीच मूळची धार्मिक चिंता आहे, हे निदान त्या मंडळींनी ओळखले. मात्र गीतेतील त्या श्लोकाची रचना मी त्या आठवड्यात पुन्हा उघडून पाहिली आणि एक गोष्ट, जी चाळीस वर्षे पाठ म्हणूनही ध्यानात आली नव्हती, ती ध्यानात आली. त्या आश्वासनालाही अट आहे. ते सर्वांना नाही, अनन्य होऊन चिंतन करणारांना आहे. परंतु तेथे अट श्लोकाच्या पहिल्याच शब्दात येते आणि आश्वासन शेवटच्या चरणात. माझ्या हमीपत्रात आश्वासन पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होते आणि अटी अकराव्या पानावर, मुंगीच्या पायांएवढ्या टाइपात. शिवाय ती पुस्तिका पैसे भरल्यावर तिसऱ्या दिवशी ई-मेलने आली होती.

अटींत लिहिले होते की, "मुंग्या, झुरळे व इतर कीटक, उंदीर इत्यादींमुळे" झालेली हानी हमीच्या बाहेर राहील. पाल कीटक नव्हे. ती उंदीरही नव्हे. किंबहुना ती संचात शिरली असेल तर कीटकांच्या मागावरच, म्हणजे कंपनीच्याच कैवाराने. आता प्रश्न राहिला "इत्यादी" या पदाचा. या एका पदाच्या पोटात किती प्राणी मावतात यावर आमच्या आळीत आठवडाभर चर्चा झाली, आणि तिच्यातील काही भाग, मी प्रांजळपणे सांगतो, जैमिनीच्या शिष्यांना, म्हणजे मीमांसकांना, शोभण्यासारखा होता.

मीमांसकांचे नाव मी विनोदाने घेत नाही. वाक्याचा अर्थ कसा लावावा, कोणते वचन बंधनकारक आणि कोणते केवळ स्तुतिपर, याचा कसून विचार त्यांच्याइतका क्वचितच कोणी केला असेल. मिताक्षरेसारखे टीकाग्रंथ त्यांच्याच न्यायांनी चालतात. त्यांच्या मते वेदातील विधी आज्ञा करतो आणि अर्थवाद त्या विधीची प्रशंसा करतो. अर्थवादाला स्वतंत्र प्रामाण्य नाही. कंपनीचा युक्तिवाद नेमका हाच आहे: पहिल्या पानावरची "संपूर्ण निश्चिंती" हा अर्थवाद, अकरावे पान हा विधी. परंतु मीमांसक येथेच थांबत नाहीत. अर्थवादाची विधीशी एकवाक्यता व्हावी लागते, स्तुती ज्याची केली तेच सांगितलेले असावे लागते, असे त्यांचे पुढचे म्हणणे आहे. आणि निश्चिंतीची स्तुती करून चिंतेचे विधान करणाऱ्या ग्रंथाची एकवाक्यता लावणे कुमारिलभट्टांनाही अवघड गेले असते. आपल्या १९३० च्या माल-विक्री कायद्याने "वॉरंटी" म्हणजे मुख्य हेतूला आनुषंगिक असलेला करार, असे म्हणून तिला दुय्यम स्थान दिले आहे. तिचा भंग झाला तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. पण जी हमी निराळे दाम घेऊन निराळी विकली, ती कशाला आनुषंगिक? तेथे निश्चिंती हाच माल होता.

शेजारी पानमळेवाले गृहस्थ राहतात; रात्री सुर्जीला देवनाथ मठात जाऊन आले की ते माझ्या ओट्यावर टेकतात. त्यांनी मला उपदेश केला. "जाऊ द्या ना, गुर्जी. नाशिवंत वस्तू हाय. आज ना उद्या जाणारच होती. काहून जिवाले लावून घेता?" मी गप्प राहिलो, कारण उपदेश खोटा नव्हता. पण तोच उपदेश दोन दिवसांनी ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवरून, अतिशय सुसंस्कृत स्त्रीकंठातून ऐकावा लागला: इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे सर, कधीही जाऊ शकते. तेव्हा मात्र मनात शंकेची पाल (या प्रकरणात दुसरी) चुकचुकली. शेजाऱ्याच्या मुखातून जे वैराग्य होते तेच कंपनीच्या मुखातून वैराग्य राहिले नव्हते. ऋणकोने धनकोला अनासक्तीचा उपदेश करावा, त्यातलाच हा प्रकार. वस्तू नाशिवंत आहे हे मला मान्य आहे, मला ते दूरध्वनीवरच्या बाईंच्याही आधी, मळ्यातील पाने पाहून माहीत आहे. परंतु वस्तू नाशिवंत आहे म्हणूनच तर त्यांनी शब्द विकला. संच अमर असता तर हमी कोणी घेतली असती? ज्या अनित्यतेच्या भांडवलावर व्यापार केला, तीच अनित्यता दावा आल्यावर बचावाची कैफियत म्हणून पुढे करणे, यात तर्काचा दोष आहे आणि त्याहून मोठा दोष धर्माचा आहे. विवेक वस्तूला नाशवंत म्हणतो. दिलेल्या शब्दाला तो नाशवंत म्हणत नाही.

सुर्जीशेजारचे आमचे गाव निवडून हा प्रसंग घडला असे मला कधी कधी वाटते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांचा तह येथेच झाला. असईची लढाई सप्टेंबरात हरली होती, नोव्हेंबरात अडगावची हरली, आणि १५ डिसेंबरला उत्तरेच्या डोंगरावरचा गाविलगड पडला होता. तेव्हा वाटाघाट बरोबरीची नव्हती. शिंद्यांकडून वृद्ध कारभारी विठ्ठलपंत बोलावयास होते. त्यांचा चेहरा इतका निर्विकार की, जुगाराच्या डावाला असा चेहरा आपण पाहिला नाही, असे इंग्रज अधिकारी माल्कमने म्हटले आणि इंग्रजांच्या छावणीत पंतांना त्या डावावरूनच टोपणनाव पडले. पुढे युरोपात तालेराँसारख्या मुत्सद्द्याची गोष्ट निघाली असता इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्लीने त्याची तुलना याच पंतांशी केली आणि हुशारीत पंतांना वरचढ ठरविले. अशा पंतांच्या देखत त्या तहात एक कलम आले: शिंद्यांच्या ज्या मांडलिकांशी इंग्रज कंपनीने आधीच करार केले आहेत ते कायम समजावेत, आणि त्या मांडलिकांची यादी तह मंजूर होऊन येईल तेव्हा देण्यात येईल. सही आधी, यादी मागाहून! मागाहून कळले की इंग्रजांच्या अर्थाने या कलमाच्या पोटात ग्वाल्हेरचा किल्लाही जातो. शिंद्यांनी हरकत घेतली. आणि आश्चर्य असे की, ज्याने तह घडविला त्या आर्थर वेलस्लीचेच मत त्याच्या वडील बंधूच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या, विरुद्ध पडले. इमानाविषयीची आपली पत राखण्यासाठी आपण ग्वाल्हेरसारखे किल्ले दहा वेळा सोडून देऊ, अशा आशयाचे पत्र त्याने मार्च १८०४ मध्ये माल्कमला लिहिले. २२ नोव्हेंबर १८०५ च्या नव्या तहाने ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. तेव्हा ते राजनीतीच्या सोयीने मिळाले, इमानाखातर नव्हे, असे कोणी म्हणेल आणि ते बहुधा खरेही असेल. परंतु अक्षराच्या जोरावर जिंकता येत असताना अक्षराच्या मागचा शब्द पाळावा, असे जेत्यांपैकी एकाला तरी वाटले. दूरध्वनीवरच्या त्या बाईंना मी हे सर्व सांगितले नाही. त्यांनी मला पंचतारांकित अभिप्राय देण्याची विनंती केली होती.

आमचा गाव पानांचा. शहानूरच्या दोन्ही काठांवर पूर्वीपासून नागवेलीचे मळे आहेत. मळ्यात जाताना लोक वहाणा बाहेर काढतात, कारण वेल ही देवता आहे. पान तोडल्यावर आठवडाभरही धड टिकत नाही. ओले फडके घालावे, सडके पान काढून टाकावे, पुन्हा रचावे, असा त्याचा क्षणोक्षणी क्षय चालू असतो. आणि तरी मराठी माणसाने वचनाचे प्रतीक म्हणून हेच पान निवडले. प्रतिज्ञा करणारा विडा उचलतो. लग्न ठरते ते पानसुपारीने. धातू होता, दगड होता, ताम्रपट होते; पण जिवंत माणसाने जिवंत माणसाला शब्द द्यावयाचा तर तो सर्वांत लवकर सुकणाऱ्या वस्तूवर, यात आमच्या पूर्वजांनी मोठे मर्म ओळखले होते असे मी समजतो. पान सुकले म्हणून विडा उचलणारा सुटला, असे कोणी ऐकले आहे काय?

तथापि माझी बाजू सर्वस्वी निर्मळ आहे असा दावा मी करीत नाही. बृहदारण्यकात म्हटले आहे की भय उत्पन्न होते ते दुसऱ्यापासून. जेथे दुसरा नाही तेथेच अभय, आणि याज्ञवल्क्याने जनकाला जे अभय लाभल्याचे सांगितले ते या जातीचे. मी मात्र अभय मागण्यासाठी मुद्दाम दुसरा पक्ष शोधला, त्याला चोविसशे रुपये देऊन करारात उभा केला आणि मग त्याच्यापासून मला भय उत्पन्न झाले. यात उपनिषदाचा काही दोष नाही.

अमरावतीच्या वकिलांनी सांगितले की, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. एकतर्फी, अन्याय्य कराराची व्याख्याच त्या कायद्यात दिली आहे. इथवर सर्व ठीक झाले. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "पालीचं नावच काढू नका. मशीन आपोआप बंद पडली, बस्स. पाल होती हे त्याईले सिद्ध करू द्या." सल्ला व्यवहाराचा होता, आणि पाल खरोखर केव्हा शिरली, बोर्ड आधी जळला की ती आधी मेली, हे मला कोठे ठाऊक होते? पण प्रतिज्ञापत्रावर सही माझी, आणि शब्दाच्या नित्यत्वाविषयी आठवडाभर ओट्यावर बोललो होतो तोही मीच. मी मसुद्यात दुसऱ्या परिच्छेदात लिहिले: संच उघडला असता आत एक मृत पाल आढळली, हे खरे आहे. वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "गुर्जी, तुम्ही त कंपनीचेच वकील झाले."

आता एकच रकाना उरला आहे. मानसिक त्रासाबद्दल किती रक्कम मागता, असे तेथे विचारले आहे. वकील म्हणतात दहा हजार लिहा, सगळेच लिहितात. बिनघोर झोप विकत घेतली होती, ती मिळाली नाही, असे तेथे म्हणावयाचे. आणि संच बंद पडल्यापासून मी रोज नऊ वाजताच झोपतो, पहाटेपर्यंत जाग येत नाही, हे घरात सर्वांना माहीत आहे. रकाना अजून कोरा आहे. वकिलांनी गुरुवारपर्यंत कागद परत मागितले आहेत.