वेतन : देणे की देणगी?

वेतन हे देणे आहे की देणगी, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. काम करवून घेतले म्हणजे मोबदला द्यावयाचा, त्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे कोणीही म्हणेल. परंतु आपल्या रोजच्या भाषेकडे लक्ष दिले तर निराळे चित्र दिसते. अमक्याच्या पदरी दहा माणसे आहेत, तमक्याने पन्नास कुटुंबे पोसली, असे आपण कौतुकाने बोलतो. ज्यांच्या श्रमावर घर उभे राहिले त्यांनाच पोसले म्हणावयाचे, यात देणगीची भावना दडलेली आहे. देणगी किती आणि केव्हा द्यावी हे देणारा ठरवितो. देणे मात्र ठरल्या वेळी आणि पुरते फेडावे लागते. गेल्या काही वर्षांतील न्यायनिर्णय आणि नवे श्रमकायदे यांचा विचार आम्हांस या एका भेदाच्या आधारे करावासा वाटतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळीत असताना, 1946 मध्ये, किमान वेतनाचे विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा 1948 मध्ये झाला. पुढे 1957 मध्ये क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. 1982 मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांचे प्रकरण न्यायालयापुढे आले. मजुरांचा दिवसाचा दर 9 रुपये 25 पैसे होता आणि जमादार त्यातून एक रुपया कापून घेत. न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला की, किमान वेतनाहून कमी दराने काम करवून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद 23 ने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय. मजूर आपण होऊन कामावर आला, ही सबब तेथे चालत नाही. कारण भूक हीसुद्धा एक सक्तीच आहे. एका रुपयाच्या कपातीत वेठ पाहणारी ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते.

आता आपल्या राज्याकडे वळू. किमान वेतनाचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हावा, असे 1948 चा कायदा सांगत होता. मध्यप्रदेशात 2014 नंतरची फेररचना लागू झाली ती 1 एप्रिल 2024 पासून. मधल्या काळात महागाई भत्त्याची भर पडत होती हे खरे, परंतु मूळ दर दहा वर्षे जागचे हलले नाहीत. नव्या दरांनी अकुशल कामगाराच्या मासिक वेतनात 1,625 रुपयांची वाढ झाली. उद्योजकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मे 2024 मध्ये इंदूर खंडपीठाने स्थगिती दिली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती उठली. न्यायालयात दाद मागण्याचा हक्क मालकांनाही आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु वाद चालू असताना मालकाचा हिशेब थांबतो, मजुराची चूल थांबत नाही. आम्हां शासकीय सेवकांना वेतन आयोगाचा लाभ उशिरा मिळाला तर मागील तारखेपासूनची थकबाकी आम्ही हक्काने मागतो. विलंबाने हक्क बुडत नाही, हे तत्त्व जर आमच्यासाठी खरे, तर ते बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात सकाळच्या पाळीला निघालेल्या कामगारासाठी खोटे कसे ठरेल?

मालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कारखानदार येतो. पण सर्वांत मोठा मालक शासन आहे. 20 डिसेंबर 2024 रोजी जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षे साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांना 2018 मध्ये एकाएकी काढून टाकण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये, उत्तरप्रदेशातील धर्मसिंग यांच्या प्रकरणात, आर्थिक चणचणीची सबब पुढे करून शासनाला कायमच्या कामावर कायमचे हंगामी कर्मचारी ठेवता येणार नाहीत, असे न्यायालयाने बजावले. 2006 च्या उमादेवी निर्णयाचा आधार घेऊन अशा लोकांना दारातूनच परत पाठविण्याची रीत कार्यालयांत रुळली होती. मागच्या दाराने भरती होऊ नये, हा त्या निर्णयाचा हेतू योग्यच होता. पण वीस-वीस वर्षे झाडू मारून घेणे हा मागचा दरवाजा नव्हे. तो तर साहेबांच्या रोज डोळ्यांपुढे असलेला दरवाजा आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या श्रमकायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. त्यांत देण्याची बाजू बळकट करणाऱ्या तरतुदी आहेत. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यावे लागेल आणि मुदतीच्या नोकरीतही एका वर्षानंतर उपदान मिळेल. दुसऱ्या बाजूला, कामगार कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन केंद्रीय कायद्यात पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यापासून होते, ते आता तीनशेपासून आहे. म्हणजे कागदाने कामगाराला एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने थोडे सैल सोडले. कायदा शेवटी तडजोडच असतो. म्हणून कायद्याचा आकडा हीच न्यायाची सीमा मानता येत नाही. तो खालचा पाया आहे, छत नव्हे.

येथे आपल्या घरांचाही विचार करावा लागेल. पांढुर्णा-सौंसरकडील आपली बहुतेक जुनी घराणी शेतीवाडीची. गुढीपाडव्याला सालदाराचे साल ठरते, उचल दिली जाते, सणावाराला कपडे होतात. या नात्यात जिव्हाळा होता हे नाकारण्याचे कारण नाही. पण उचल फिटेना म्हणून जो सालदार दुसरीकडे जाऊ शकत नाही, त्याच्या जिव्हाळ्याची परीक्षा कशी घ्यावी? 1976 च्या बंधबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणूस बांधून ठेवणे हा गुन्हा ठरविला, तो याचसाठी. सणाचे लुगडे-धोतर ही देणगी खुशाल असू द्यावी. ती मजुरीच्या हिशेबात धरू नये, एवढेच.

यावर एक रास्त आक्षेप आहे. संत्र्याचा भाव पडला, आंबिया बहार गळाला, तर शेतकऱ्याने द्यावे कोठून? हा प्रश्न खरा आहे. ज्या लहान शेतकऱ्याची स्थिती मजुराहून बरी नाही, त्याला शासनाने आणि बाजाराने आधार दिला पाहिजे. परंतु ज्या वर्षी भाव चढतो, त्या वर्षी चढलेला नफा आपण मजुराला वाटत नाही. नफा मालकाचा असेल तर जोखीमही मालकाचीच असली पाहिजे. तोटा तेवढा वाटून घ्यावयाचा आणि लाभ एकट्याने ठेवावयाचा, हे कोणत्याच धर्मशास्त्रात बसत नाही.

तेव्हा कसोटी अगदी साधी आहे. मजुरी हातावर ठेवताना, समोरच्याने आभार मानावेत अशी अपेक्षा आपल्या मनात उमटते काय? उमटत असेल तर आपण ते देणे अजूनही देणगीच समजतो आहोत. सावकाराचे देणे फेडताना तो आपले उपकार मानील, अशी अपेक्षा आपण कधी ठेवीत नाही. श्रमाचे देणे त्याहून हलके का समजावे?