खाल्ल्या मिठाची मर्यादा

मनुष्य जन्मास येतो तोच मुळी ऋणे शिरावर घेऊन, असे आपले शास्त्र सांगते. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन ऋणे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु पोटासाठी दुसऱ्याच्या पदरी राहणाऱ्या माणसाच्या वाट्यास आणखी एक ऋण येते. त्यालाच आपण व्यवहारात 'खाल्ल्या मिठाला जागणे' असे म्हणतो. पहिल्या तीन ऋणांची फेड यज्ञाने, अध्ययनाने व संततीने होते, हे शास्त्राने ठरवून दिले आहे. या चौथ्या ऋणाची फेड कोठे पुरी होते, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. आणि आज हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांतून उभा राहिला आहे.

उधन्याची मराठी वस्तीच मुळी अन्नामागे घर सोडून आलेल्यांची. जळगाव, धुळे, नंदुरबार या बाजूंनी आपले वाडवडील तापीकाठच्या रेल्वेने येथे उतरले आणि लूमच्या कारखान्यांतून उभे राहिले. आता त्यांची नातवंडे त्याहून दूर जाऊ लागली आहेत. कोणी आखाती देशात वेल्डर किंवा वायरमन आहे, कोणी अमेरिकेत संगणकाचे काम करीत आहे. परदेशी गेलेल्या या मुलांची नोकरी व त्यांचे तेथील वास्तव्य ही दोन्ही एकाच दोरीला बांधलेली असतात. ती दोरी म्हणजे कामाचा परवाना. हा परवाना मागण्याचा अधिकार मुलाला नसतो. त्याच्यासाठी अर्ज मालकाने करावयाचा असतो. आता असे समजा की, परवान्याची मुदत संपत आली, मालकाने नूतनीकरणाचा अर्ज केला, त्याचा खर्च सोसला, आणि तो अर्ज सरकारी कचेरीत पडून असतानाच मुलाला दुसरीकडून अधिक चांगल्या नोकरीचे बोलावणे आले. त्याने जावे की न जावे? मुलगा घरी विचारतो. वडील म्हणतात, "ज्याने कागद करून दिला त्याला सोडणे ही नमकहरामी." आई म्हणते, "मालक काही धर्मार्थ करीत नाही. आपले कल्याण पाहावे." दोघांच्याही म्हणण्यात काही सत्य आहे, म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. अमेरिकेत 'एच-वन-बी' नावाचा परवाना एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचा व सामान्यतः एकूण ६ वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केलेला असेल, तर मुदत संपल्यावरही त्याच मालकाकडे २४० दिवसांपर्यंत काम करता येते. ऑक्टोबर २००० मध्ये झालेल्या कायद्याने कामगाराला आणखी एक मोकळीक दिली. नव्या मालकाने रीतसर अर्ज दाखल करताच, मंजुरीची वाट न पाहता, त्याच्याकडे कामास लागता येते. परंतु येथे एक खाच आहे. जुन्या परवान्याची मुदत संपून गेली असून पहिल्या मालकाचा अर्ज अजून पडून असेल, तर दुसऱ्याचा अर्ज त्या पहिल्या अर्जाच्या आधारावरच उभा राहतो. पहिला कोसळला की दुसराही कोसळतो. नोकरी सुटल्यास दुसरी शोधण्यास किंवा देश सोडण्यास फार तर ६० दिवस मिळतात. हा नियमही जानेवारी २०१७ पासूनचाच आहे. म्हणजे त्या काही महिन्यांत मुलगा, त्याची पत्नी व त्याची शाळेत जाणारी लेकरे अशी सर्वच मंडळी एका कागदावर उभी असतात.

कायदा जाऊ देतो, एवढ्याने जाणे धर्म्य ठरत नाही. आणि मालक रागावतो, एवढ्याने ते अधर्म्यही ठरत नाही. तेव्हा आपण आपल्या स्मृतिकारांकडे वळू. मालक व चाकर यांच्या करारभंगाचा विचार त्यांनी 'वेतनादान' या नावाखाली केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात म्हटले आहे की, पत्करलेले काम निघण्याच्या वेळीच सोडणाऱ्या चाकराने वेतनाचा सातवा भाग भरून द्यावा, वाटेला लागल्यावर सोडणाऱ्याने चौथा भाग द्यावा, आणि अर्ध्या वाटेत सोडणाऱ्याने सर्व वेतन द्यावे. या वचनात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, दोषाचे माप वाटेच्या टप्प्यावरून ठरविले आहे. सोडून जाणे हे सदासर्वदा सारखेच पाप नव्हे. दुसऱ्याने आपल्या शब्दावर विसंबून किती पाऊल पुढे टाकले आहे, त्यावर आपला दोष अवलंबून असतो. दुसरी गोष्ट अशी की, चाकराला मध्येच सोडावयास लावणाऱ्या धन्यालाही तोच दंड सांगितला आहे. स्मृतिकारांच्या तराजूला दोन पारडी होती. आपण मात्र बहुधा एकाच पारड्याकडे पाहतो.

आमच्या पौरोहित्याच्या व्यवसायात याचे रोजचे उदाहरण आहे. एखाद्या यजमानाने अनुष्ठानासाठी बोलणे केले, पण अजून वरण झाले नाही, तोपर्यंत ब्राह्मण नम्रपणे नकार देऊ शकतो. वरण झाले, सुपारी हाती आली, संकल्पाचे उदक सुटले, की मग शेजारच्या गल्लीत दुप्पट दक्षिणा असली तरी पूर्णाहुतीपर्यंत उठता येत नाही. आणि पूर्णाहुती झाल्यावर? तेव्हा तो मोकळा. पुढच्या वर्षी त्याने याच यजमानाकडे यावे असा प्रेमाचा आग्रह होऊ शकतो, हक्क नव्हे. मनूने तर आठव्या अध्यायात असेही सांगितले आहे की, वरण झालेल्या ऋत्विजाने काम मध्येच सोडले तर त्याने जितके केले तितक्या प्रमाणात त्याला वाटा द्यावा. म्हणजे यज्ञासारख्या पवित्र कर्मातही शास्त्राने कामाचे मोजमाप केले, माणूस जखडून ठेवला नाही. ऋण आणि दास्य यांतील भेद हाच आहे. ऋणाला माप असते, म्हणून ते फिटते. दास्याला माप नसते, म्हणून ते कधीच फिटत नाही.

हे माप आपल्या प्रश्नाला लावून पाहू. मालकाने परवान्याचे नूतनीकरण केले ते केवळ उपकार म्हणून नव्हे; त्यालाही त्या हातांची गरज होती. तरीपण मुलाच्या शब्दावर विसंबून त्याने खर्च केला, काम त्याच्यावर सोपविले, हे खरे. तेव्हा मुलावर जे ऋण आहे ते या विसंबण्याचे आहे, आणि तेवढेच आहे. त्याची फेड होते ती खरे बोलण्याने, पुरेशी पूर्वसूचना देण्याने, हातचे काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपविण्याने आणि करारात जी न्याय्य रक्कम ठरली असेल ती चुकती करण्याने. अमेरिकेच्या कायद्यानेही हीच रेषा ओढली आहे. मालकाला झालेल्या खऱ्या नुकसानीची आधी ठरवलेली वाजवी भरपाई तेथे चालू शकते. परंतु मुदतीपूर्वी नोकरी सोडली म्हणून नुसता दंड वसूल करण्यास तेथे बंदी आहे.

येथे कोणी कर्णाचे उदाहरण पुढे करील. दुर्योधनाच्या अन्नाला जागून त्याने सख्ख्या भावांचा पक्षही नाकारला, मग आमच्या मुलांनी चार डॉलरांसाठी धनी बदलावा काय? या आक्षेपाला उत्तर महाभारतातच आहे. श्रीकृष्णाने कर्णाला दुसरी वाट दाखविली होती. ती त्याला मोकळी होती, आणि ती मोकळी असूनही तो गेला नाही, म्हणून त्याच्या निष्ठेला मोल आले. ज्याला जाताच येत नाही त्याच्या राहण्याला निष्ठा कसे म्हणावे? शल्याची गोष्ट आठवावी. तो निघाला होता पांडवांकडे. वाटेत दुर्योधनाने गुप्तपणे त्याचा मोठा पाहुणचार केला, आणि त्या पाहुणचारापोटी तो कौरवांच्या पक्षाला बांधला गेला. पुढे कर्णाचा सारथी होऊन तो रथावर बसला खरा, परंतु कर्णाचा तेजोभंग करण्याचे वचन त्याने युधिष्ठिराला आधीच दिले होते. देह एका पक्षात आणि मन दुसऱ्या पक्षात, असा तो सारथी दुर्योधनाच्या काय कामी आला? याच्या उलट युयुत्सूचे वर्तन पाहावे. धृतराष्ट्राचाच तो पुत्र. युद्धास तोंड लागण्यापूर्वी, दोन्ही सैन्यांच्या देखत, युधिष्ठिराच्या हाकेला ओ देऊन तो उघडपणे पलीकडे गेला. महाभारतकारांनी त्याला कृतघ्न म्हटलेले नाही. उलट पांडव महाप्रस्थानास निघाले तेव्हा राज्याची देखरेख त्याच्यावरच सोपविण्यात आली. शल्य राहिला आणि युयुत्सू गेला. यांतील कोण खरा वागला, हे वाचकांनीच ठरवावे.

तथापि खरी अडचण पुढेच आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. युयुत्सू उघडपणे गेला, कारण पलीकडे जाण्याची वाट कोणी कापणार नव्हते. आमच्या मुलाने "मी जाण्याचा विचार करतो आहे" असे प्रांजळपणे सांगितले, आणि मालकाने रागाने पडून असलेला अर्ज मागे घेतला, तर त्याचा संसार उन्हात येतो. अशा ठिकाणी सत्य सांगण्याचा धर्म कितपत लागू होतो? मला वाटते, येथे विचार आणि वचन यांत भेद केला पाहिजे. मनात आलेला प्रत्येक विचार धन्यापुढे मांडण्याचे कर्तव्य चाकरावर नाही. दुसरीकडे चौकशी करणे म्हणजे विश्वासघात नव्हे. परंतु एकदा दुसऱ्याला शब्द दिला, की त्यानंतर पहिल्याला आपल्यासाठी अर्ज करू देणे, त्याच्याकडून खर्च करविणे, आणि विचारले असता 'मी कोठेही जात नाही' म्हणून सांगणे, हे निश्चित असत्य होय. अर्ज आधीच गेलेला असेल, तर नव्या मालकाचा अर्ज रीतसर दाखल होईपर्यंत मौन राखावे. ते आत्मरक्षणासाठी आहे, फसवणुकीसाठी नाही. तो दाखल होताच, दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्यापूर्वी, स्वतः जाऊन सांगावे. सूचनेचा काळ मनापासून काम करून पुरा करावा. मौनाला अशी शेवटची तारीख असली, म्हणजे ते असत्याच्या पायरीवर उतरत नाही.

आणि येथेच धन्याच्या धर्माचा प्रश्न येतो. ज्याला सत्य ऐकावयाचे आहे त्याने सत्य बोलणाऱ्याला अभय दिले पाहिजे. परवान्याची दोरी दाखवून माणूस धरून ठेवावयाचा, आणि तो गुपचूप निसटला की त्याला नमकहराम म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. आखाती देशांत 'कफाला' नावाची पद्धत दीर्घकाळ चालत आली. तीत कामगाराचे वास्तव्यच मालकाच्या नावाशी बांधलेले, आणि मालकाच्या ना-हरकत पत्राखेरीज नोकरी बदलणे दुरापास्त. कतारने २०२० मध्ये त्या पत्राची अट काढून टाकली. सौदी अरबस्तानाने मार्च २०२१ पासून, एक वर्षाच्या नोकरीनंतर काही अटींवर, मालकाच्या संमतीविना बदलास वाट दिली. या सुधारणा अपुऱ्या असतील. परंतु माणूस करारापेक्षा मोठा आहे, एवढे मान्य करण्याकडे त्यांचा रोख आहे.

परदेशाकडे बोट दाखविताना आपले अंगणही पाहणे बरे. आपल्याच देशात १८५९ मध्ये इंग्रज सरकारने असा कायदा केला होता की, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगातही धाडता येई. तो रद्द झाला १९२५ मध्ये. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, आणि कर्जापोटी माणसाचे श्रम बांधून ठेवणे हा गुन्हा ठरला. असे असूनही उचल अंगावर आहे म्हणून कारागिराचा हिशेब अडविणे, त्याची कागदपत्रे आपल्या कपाटात ठेवणे, हे प्रकार आजही ऐकू येतात. आपल्या सभासदांत दुसऱ्याच्या कारखान्यात उभे राहणारे आहेत, तसे चार माणसांना कामास ठेवणारेही आहेत. आपला मुलगा परदेशातील मालकाच्या मर्जीवर लटकला असता ज्याचा जीव कासावीस होतो, त्याने आपल्या लूमवरील कारागीर दिवाळीनंतर दुसरीकडे जातो म्हणाला तर त्याला कसे वागवावे, हे वेगळे सांगावयास नको. उचल ही पैशाची आहे. ती पैशाने वसूल करावी. माणूस तारण ठेवलेला नाही.

तात्पर्य, मिठाला जागावे, पण मिठाला मर्यादा असते हेही जाणावे. घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलाला नुसते 'राहा' किंवा 'जा' असे सांगू नये. त्याला असे विचारावे की, तुझ्या शब्दावर विसंबून कोणी किती पाऊल पुढे टाकले आहे? ते तू उघडपणे व पुरेपूर भरून देणार आहेस काय? याचे उत्तर 'होय' असेल, तर त्याला आशीर्वाद देऊन पाठवावे. आणि उत्तर 'नाही' असेल, तर नव्या ठिकाणी पगार कितीही मोठा असो, त्याने अर्ध्या वाटेतले ते ओझे आधी ठरल्या ठिकाणी पोहोचवावे आणि मगच निघावे.