पहारा बदलताना



अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत, हे तुम्हाला कोणी वेगळे शिकवलेले नसेल. लहानपणापासून पाहत आलो आहोत. पहाऱ्याची वेळ भरली की पुढचा वारकरी येतो, वाकून नमस्कार करतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो. दोन तासांचा पहारा धरला तर सात दिवसांत असे 84 पहारे होतात. त्या 84 जणांपैकी कोणी वीणा माझी म्हणत नाही. पण सप्ताह उठला, काला झाला, घरी आलो, की मात्र घर माझे, शेत माझे, खुंटीवरची वीणा माझी. हा 'माझे' कुठून येतो, याचा विचार मला एका विकलेल्या वीणेने करायला लावला. तो तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या घरी वडिलांची वीणा होती. मिरजेची. मिरजेच्या तंतुवाद्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी पिकतात, त्यामुळे वडील म्हणत, "ही पंढरीहून निघाली आहे, आपल्याकडे मुक्कामाला आहे." एकदा दिंडीत धक्का लागून भोपळ्याला चीर गेली. वडिलांनी गावातल्या कारागिराकडून त्यावर पितळेची लहान पट्टी बसवून घेतली. वडील गेल्यावर वीणा माझ्याकडे आली.

पुढे आई आजारी पडली. त्या वर्षी कपाशीने दगा दिला होता, घरात विकण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते. मी वीणा चादरीत गुंडाळली आणि शहरातल्या एका दुकानात विकून आलो. औषधपाणी झाले. आई पुढे दोन वर्षे होती.

आता तुम्ही म्हणाल, हे पाप झाले का? मलाही तसेच वाटत असे. पण आपला देव विटेवर का उभा आहे, ते आठवा. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करीत होता, दारी आलेल्या देवाला त्याने वीट सरकवली, आणि देव रागावला नाही, थांबला. जो आई-वडिलांच्या सेवेसाठी युगानुयुगे तिष्ठत उभा आहे, तो आईच्या औषधासाठी विकलेल्या वीणेचा हिशोब मागेल काय? नाही, माउली. विकण्यात माझी चूक नव्हती.

चूक पुढे झाली. दिंडीत लोक विचारत, "वीणा कुठे आहे?" मी सांगे, "दुरुस्तीला दिली आहे." एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे तेच. पुढे लोकांनी विचारणे सोडले आणि मी पहारा घेणे सोडले. कोणी वीणा पुढे केली की मी टाळ उचलून मागच्या रांगेत जाई. लोकांना वाटे, नम्रपणा. तो अभिमान होता. गरिबीची लाज वाटत होती, आणि ती झाकायला मी देवाच्या दारात खोटे बोलत होतो.

असो. बावीस वर्षांनी सेलू तालुक्यात, बोर नदीकाठी संत केजाजी महाराजांचे घोराड आहे, त्या बाजूच्या एका खेड्यात सप्ताहाला गेलो होतो. रात्री दोनचा सुमार. मंडपात चार माणसे जागी. एक म्हातारी बाई वीणा घेऊन उभी होती. कंदिलाएवढ्या उजेडात भोपळ्यावर काहीतरी चमकले. जवळ गेलो. पितळेची पट्टी!

माउली, त्या वेळी मनात आधी काय आले ते खरे सांगतो. देवाचे नाव आले नाही. वडिलांचेही आले नाही. आले ते हेच, "माझी!" आणि लगेच दुसरा विचार, किती पैसे दिले म्हणजे ही परत मिळेल? सकाळी दुप्पट भाव सांगायचा, तिप्पट सांगायचा.

मी विचारले, "वीणा कुठून आणली, माय?" ती हलक्या आवाजात म्हणाली, "धन्यानं आणली होती बाप्पा, कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून. ते गेले. आता सप्ताहात मीच धरतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "धरता का माउली? पाय भरून आले."

इथे थोडे थांबू.

गेलेली वस्तू परत भेटते तेव्हा ती कोणाची असते? आपल्या संतांच्या चरित्रांत याचे उत्तर आहे. तुकोबांनी इंद्रायणीत दोन वेळा कागद बुडवल्याचे परंपरा सांगते. एकदा आपल्या वाट्याची कर्जखते, स्वतःच्या हाताने. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या, लोकांच्या सक्तीने. नदी तीच, पाणी तेच. कर्जखते बुडाली ती बुडालीच. ती लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती. वह्या तेरा दिवसांनी वर आल्या; त्यांवर तुकोबांनी कधी मालकी सांगितली नव्हती, बोलविता धनी वेगळा आहे असेच ते मानत. भानुदास महाराजांचेही तसेच. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती त्यांनी परत आणली, अशी आपली श्रद्धा आहे. एवढ्या कष्टाने आणलेला देव ते पैठणला आपल्या घरी नेऊ शकले असते. पण त्यांनी तो पंढरीतच पोहोचवला. परत मिळणे वेगळे आणि आपले होणे वेगळे.

आणि आपल्या जिल्ह्यातलेच पवनार पहा. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांच्या मनात राम-भरताच्या भेटीचे चित्र आले. दोघेही इतके तपस्वी दिसावेत की वनातून कोण आला आणि अयोध्येत कोण राहिला, हे ओळखू येऊ नये. पुढे 1938 साली ते धाम नदीच्या काठी पवनारला राहायला आले, आणि तिथे जमीन खणताना त्यांना राम-भरत भेटीचीच मूर्ती सापडली. आजही परंधाम आश्रमात तिचे दर्शन होते. विनोबांनी ती मागितली नव्हती, शोधलीही नव्हती.

मी त्या मूर्तीपुढे कितीदा तरी उभा राहिलो होतो, पण भरताचे काम मला त्या रात्री मंडपात कळले. चौदा वर्षे राज्य हातात होते आणि त्याने ते पादुकांच्या नावाने सांभाळले. ते आपले म्हटले नाही, आणि आपले नाही म्हणून टाकूनही दिले नाही. आपण मात्र या दोन टोकांना जातो. वस्तू हाती असली की माझी म्हणून आवळतो, गेली की लाजेने तोंड फिरवतो. दोन्हीत 'मी'च मोठा होतो.

मी वीणा गळ्यात घेतली. बावीस वर्षांनी. तारा थोड्या उतरल्या होत्या, त्या जुळवल्या. त्या दोन तासांत भाव ठरवायचे मनातून कधी गेले, ते कळले नाही. पहाटे चारला पुढचा वारकरी आला, एक तरुण पोरगा होता. मी त्याच्या गळ्यात वीणा घातली आणि त्याच्या पाया पडलो. हात रिकामे झाले, पण दुकानातून बाहेर पडलो तेव्हा झाले होते तसे नाही.

मग त्या माउलीजवळ बसून सगळे सांगितले. विकल्याचे, आणि दुरुस्तीला दिली म्हणत राहिलो त्याचेही. ती सहज म्हणाली, "बरं झालं इकली बाप्पा. नाहीतर आमच्या घरी कुठून येती?"

पुढच्या एकादशीला आमच्या दिंडीतही मी खरे सांगितले. कोणी हसले नाही. एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने एवढेच विचारले, "मग आता पहारा घेशील ना?"

माउली, तुमच्याही घरातून काही गेले असेल. बैलजोडी गेली असेल, दोन एकर शेत गेले असेल, आईचा एखादा दागिना गेला असेल. कधी रस्त्यात ते दुसऱ्याच्या दारी, दुसऱ्याच्या अंगावर दिसेल. काळजात कळ येईल. ती येऊ द्या, माया खोटी नसते. पण तेव्हा मान खाली घालू नका आणि हातही पुढे करू नका. ज्याच्याकडे ते आहे त्याला रामराम घाला, त्याचा पहारा चालू आहे. आपल्या वाट्याला पुन्हा दोन तास आले तर मनापासून धरा, आणि वेळ भरली की वाकून पुढच्याला द्या. वीणा खाली टेकली नाही म्हणजे झाले.

राम कृष्ण हरि.